आजव्याचा काठ

बडोद्यात पावसाळा सुरू झाला की लोक एकमेकांना विचारतात, "आजवा किती झाला?" उत्तर फुटांत येतं. 211, 212, साडेबारा. आकडा 212 च्या पुढे सरकला की विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांमध्ये तळमजल्यावरचं सामान वर चढायला लागतं, गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या जातात. सकाळच्या पेपरात हा आकडा असतो, दुपारी फोनवर फिरतो, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारला जातो. पण हे पाणी ज्या काठाला टेकून उभं असतं तो काठ कुणाचा, तिथे काय बांधायचं आणि काय नाही हे कोण ठरवतं, हा प्रश्न शहरात क्वचितच निघतो. गेली काही वर्षं आम्ही चार-सहा जण या एकाच प्रश्नासाठी वाघोडिया तालुक्यात जातो-येतो आहोत. माझं शिक्षण नगररचनेचं, नोकरीही त्यातलीच झाली. बरोबरच्यांत एक भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, दोघं पक्षी बघणारे आहेत, आणि एक सर्व्हेअर आहे, ज्याच्यावाचून आमचं पान हललं नसतं.

आजवा हे गाव वाघोडिया तालुक्यात, बडोद्यापासून साधारण वीस किलोमीटरवर. तलावाचं नाव सयाजी सरोवर, पण ते नाव पाटीवर. लोकांच्या तोंडी आजवाच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा 1875 साली दत्तक येऊन सयाजीराव या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला. त्याच्या राज्याच्या राजधानीला तेव्हा विहिरी आणि तळी यांचंच पाणी होतं. सूर्या नदीवर मातीचा लांबलचक बांध घालायचं काम 1885 साली सुरू झालं आणि 1892 साली शहरात नळाचं पाणी आलं. जगन्नाथ सदाशिव हाटे या अभियंत्याचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. 1891 च्या खानेसुमारीत बडोद्याची वस्ती एक लाख सोळा हजारांच्या आसपास होती. आजव्याची जागा अशी निवडली की पाणी उताराने आपोआप शहरात पोचावं. आज महीच्या पात्रातल्या विहिरींचं आणि नर्मदेच्या कालव्याचंही पाणी शहराला मिळतं, तरी शहराच्या पूर्वेकडच्या भागात, आमच्या वाघोडिया रोडच्या नळांना, निमेट्याच्या शुद्धीकरण केंद्रातून आलेलं आजव्याचं पाणीच येतं. बडोद्याच्या मराठी घरांतून सयाजीराव महाराजांविषयी बोलताना ग्रंथालयं, शाळा, कलाभवन यांची आठवण आधी निघते. मला विचाराल तर पहिला मान या तलावाचा. रोज सकाळी प्रत्येक घरात पोचणारी त्यांची दुसरी कुठलीच संस्था नाही.

पाणी आणि बांध महापालिकेचा. काठाला लागून शेतं आहेत, ती शेतकऱ्यांची. गावठाण आणि गौचर ग्रामपंचायतीकडे. शेतजमीन बिनखेती करायची तर अर्ज जिल्ह्याच्या कचेरीत. शहराच्या बाजूच्या पट्ट्यात नगरविकास प्राधिकरणाचे नियम. तलावातल्या मगरी वन खात्याच्या. रस्ता बांधकाम खात्याचा. आणि ज्या डोंगराकडून पाणी येतं तो पावागड तर पलीकडच्या पंचमहाल जिल्ह्यात, हालोल तालुक्यात. तिकडचं पाणी प्रतापपुऱ्याच्या सरोवरातून इकडे येतं. म्हणजे एका पाण्याभोवती दोन जिल्हे, अनेक पंचायती आणि अर्धा डझन खाती. प्रत्येकाकडे त्याच्या वाट्याचा एक तुकडा आहे, आणि परवानगी मागणारा माणूसही तुकड्यापुरतीच मागतो: माझा सर्व्हे नंबर, माझी बांधणी. एकेका अर्जात काही वावगं नसतं. बेरीज मात्र कुणाच्याच टेबलावर होत नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही बेरीज काठावर दिसायला लागली. आधी शेतघरं आली. मग दोन-अडीच हजार वाराचे प्लॉट पाडून 'लेक व्ह्यू'च्या जाहिराती. महाराष्ट्रातल्या वाचकांनी पवनेच्या काठचे तंबू आणि खडकवासल्यामागची हॉटेलं पाहिली असतील, तोच प्रकार इथे थोड्या कमी गतीने चालू आहे. प्लॉट उंच करण्यासाठी मुरूम टाकायचा, चारी बाजूंनी भिंत घालायची, बोअर मारायचं, हिरवळ लावायची, संडासाला शोषखड्डा. घराला कुलूप आठवड्यातले पाच दिवस, पण शोषखड्डा बारमाही पाझरतो आणि हिरवळीचं खत पहिल्याच पावसात तलावात उतरतं.

2024 चा ऑगस्ट आला नसता तर आम्ही कदाचित निवेदनं लिहीत बसलो असतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो पाऊस झाला. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट आहे; नदी 35 फुटांच्याही वर गेली. आजव्याने 213 ओलांडलं. शहराचे कितीतरी भाग दोन-तीन दिवस पाण्यात होते, मगरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आल्या, त्याची छायाचित्रं देशभर पाहिली गेली. त्यानंतर तलाव आणि नदी हे एकच प्रकरण आहे असं सगळेच बोलू लागले. 2025 च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र मोकळं करण्याचं आणि आजव्यातला गाळ काढण्याचं काम निघालं. ते हवंच होतं. पण गाळ कुठून येतो, हा प्रश्न त्या यंत्रांच्या आवाजात मागे पडला. तो काठावरून येतो, काठाला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांतून येतो.

तेव्हा आम्ही ठरवलं की आधी कागद एका जागी आणायचे. काठावरच्या गावांचे नकाशे मिळवले. जुने, लठ्ठ्याच्या कापडावरच्या नकाशांवरून काढलेल्या प्रती. त्यांवर सर्व्हे नंबर, बांध, विहिरी, वाटा, आणि एका कडेला निळसर रेघ: तळाव. एका गावातल्या प्राथमिक शाळेच्या मोठ्या वर्गात, रविवारी, आम्ही ते जमिनीवर पसरले. प्रमाण सारखं करून आणलं होतं. गावच्या शिवा शेजारच्या गावच्या शिवांना जुळत होत्या, कारण शिवेवरून भांडणं होतात आणि भांडण झालेली रेघ नीट राखली जाते. पण तलावाकडची रेघ जुळेना. एका नकाशात पाणी जिथे संपतं तिथून पुढच्या नकाशातलं पाणी बरंच आत सुरू होत होतं. मध्ये एक पांढरी चिंधी उरत होती, जी कुठल्याच गावाची नव्हती आणि तलावाचीही नव्हती. एका नकाशावर रेघ बहुधा उन्हाळ्यात मोजलेली, दुसऱ्यावर पावसाळ्यानंतर. आमचा सर्व्हेअर गुडघ्यांवर बसून त्या चिंध्यांवर पेन्सिलीने फुल्या मारत गेला. मग त्याने हल्लीची उपग्रहाची छायाचित्रं लॅपटॉपवर काढली आणि फुल्या त्यांच्याशी ताडून पाहिल्या. नवी कुंपणं, नव्या भिंती जास्त करून त्या पांढऱ्या चिंध्यांतच होत्या.

वर्गात तेव्हा वेगवेगळ्या गावांचे पंधरा-वीस लोक होते. त्यांतले कित्येक जण एकमेकांना ओळखत होते, लग्नकार्यात भेटत होते, पण एका नकाशाभोवती कधी बसले नव्हते. एका तरुणाने स्वतःचं शेत शोधलं, मग त्यावर बोट ठेवून ते बोट हळूहळू काठाने सरकवत शेजारच्या गावात नेलं आणि तिथल्या माणसाकडे पाहून म्हणाला, "आ तमारी भींत, अने आ अमारुं पाणी." ही तुमची भिंत आणि हे आमचं पाणी. समोरचा गृहस्थ रागावला नाही. त्याने वाकून नीट पाहिलं आणि भिंत आपली नाही, विकत घेणाऱ्याची आहे, हे सांगितलं. बैठकीचा सूर तिथून बदलला. तोपर्यंत लोक आमच्याशी बोलत होते, तिथून पुढे ते एकमेकांशी बोलायला लागले.

कायद्याची बाजू इथे सांगायला हवी, कारण ती सगळ्यांना चकवते. पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. अधिसूचित पाणथळ जागेत गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला त्या नियमांनी मनाई आहे. आम्हाला वाटलं होतं, हा मोठा आधार. पण त्याच नियमांच्या व्याख्येत पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेली तळी पाणथळ जागेतून वगळली आहेत. आजवा तर नेमका त्यासाठीच बांधलेला. शेजारच्या डभोई तालुक्यातला वढवाणा तलावही सयाजीरावांच्याच काळातला, सिंचनासाठीचा. तिथे हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात आणि 2021 साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वढवाण्याला जगाच्या यादीत जागा आहे, आणि लाखो लोक ज्याचं पाणी पितात त्या आजव्याला पिण्याच्या पाण्याचा म्हणूनच ते संरक्षण नाही. मला हे अजून पटत नाही. वगळण्यामागचा हेतू समजतो: पाणीपुरवठ्याच्या कामांत अडथळा नको. पण त्याने काठ उघडा पडतो.

म्हणून जे काही ठरायचं ते गावांनी आपसात ठरवणं, आणि मग त्याला कायदेशीर रूप मागणं, एवढाच रस्ता होता. असं जगात झालेलं आहे. अमेरिकेतल्या टाहो सरोवराचा काठ कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांत वाटला गेला आहे; त्यांनी 1969 साली करार करून काठाच्या बांधकामांसाठी एकच यंत्रणा नेमली. आपल्याकडे भोपाळच्या बड्या तलावाचं पाणलोट शहराबाहेर सिहोर जिल्ह्यापर्यंत पसरलं आहे, आणि शहराचा आराखडा तेवढ्यापुरता पांगळा ठरतो हे तिथले लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ही उदाहरणं मी एका बैठकीत सांगितली. लोकांनी ऐकून घेतली. पण त्यांनी काही हललं असं मला दिसलं नाही.

हललं ते एका काकांच्या प्रश्नाने. सत्तरीच्या पुढचे, काठाला लागून दोन एकर, मुलगा हालोलच्या कारखान्यात. ते म्हणाले, "बेन, समजा आमच्या गावाने ठरवलं की काठाला काही बांधायचं नाही. शेजारच्यांनी नाही ठरवलं. मग तळाव वाचला का? नाही. आणि आमचा भाव वाचला का? तोही नाही. मग आम्ही कशासाठी थांबायचं?" याहून नेमका प्रश्न मी नगररचनेच्या कुठल्याही वर्गात ऐकलेला नाही. एकट्या गावाच्या शहाणपणाला काठावर किंमत नाही. रेघ सगळ्यांसाठी एकच आणि एकाच दिवशी लागू झाली तरच ती रेघ.

काकांचं दुसरं म्हणणं अधिक अवघड होतं. त्यांच्या पणजोबांच्या काळी तलावासाठी खालची जमीन गेली. ती राज्याने घेतली, पाणी शहराला गेलं. आता उरलेल्या जमिनीवर बांधू नका म्हणून सांगायलाही शहरातलेच लोक आले. "तुम्हाला पाणी पाहिजे, हवा पाहिजे, पक्षी पाहिजेत. आम्हाला पोराचं लग्न करायचंय." त्या खोलीत आमच्यापैकी कुणाजवळही उत्तर नव्हतं, आणि उत्तर असल्यासारखं बोलणं हा त्यांचा अपमान झाला असता. प्राध्यापकांनी एवढंच म्हटलं की हा मुद्दा मसुद्यात पहिल्या पानावर लिहू. तो लिहिला गेला, त्याच शब्दांत, आणि अजून पहिल्या पानावर आहे.

त्यानंतर आम्ही काठ पायी चालायला घेतला. डिसेंबर-जानेवारीत, पाणी बरंच वर असताना. काम असं की पाण्याची सगळ्यात वरची खूण कुठे आहे ती शोधायची आणि तिथे चुन्याची फक्की टाकायची. सर्व्हेअरच्या यंत्राने पातळी मिळते, पण लोकांना यंत्राची रेघ आपली वाटत नाही. डोळ्यांनी पाहिलेली वाटते. म्हणून प्रत्येक गावातल्या गुरं राखणाऱ्यांना बरोबर घेतलं. ते बाभळीच्या खोडावर चिखलाचा वाळलेला पट्टा दाखवायचे: इथवर चोवीसचं पाणी. एका तारेच्या कुंपणात गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळीकडे सारखाच पालापाचोळा अडकला होता, पानकणसाची चिपाडं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक लहान मुलाची चप्पल. जणू कुणी दोरी धरून ओळीने लावली असावी इतकी सरळ रेघ. सर्व्हेअरने यंत्र लावलं. त्याचा आकडा आणि ती पालापाचोळ्याची रेघ यांत वीतभराचाही फरक निघाला नाही. बरोबरच्या गुराख्याने फक्की हातात घेतली आणि पुढची रेघ त्यानेच ओढली.

एका ठिकाणी तो अचानक थांबला आणि हाताने आम्हालाही थांबवलं. समोर, पाण्यापासून दहा-बारा पावलांवर, उन्हात मगर पडली होती. जबडा उघडा, अंगावर वाळलेला चिखल, त्यामुळे ती दगडापेक्षा वेगळी दिसत नव्हती. आम्ही वळसा घालून वरून गेलो. गुराखी म्हणाला, ही दरवर्षी याच उतारावर खड्डा करते. मगरी उन्हाळ्यात मऊ मातीच्या उतारावर खड्डा खणून अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. उताराच्या जागी दगडी पिचिंग आलं, सरळ भिंत आली, की तिला जागा उरत नाही. मग ती दुसरीकडे जाते, बऱ्याचदा वस्तीकडे. काठाला 'सुशोभित' करणाऱ्या बहुतेक आराखड्यांत पहिलं चित्र सरळ भिंतीचं आणि वर फिरायच्या वाटेचं असतं. आपल्या शहरानेही हे पाहिलं आहे. विश्वामित्रीच्या रिव्हरफ्रंटचा आराखडा पुण्याच्या हरित लवादापुढे गेला आणि 2016 साली लवादाने ते काम थांबवलं. आणि हरणीच्या तलावावर 18 जानेवारी 2024 ला सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर तलावकाठचं मनोरंजन हा शब्द उच्चारताना बडोद्यातला कुठलाही माणूस क्षणभर थांबतो. मी नौकाविहाराच्या विरुद्ध नाही, बागेच्याही नाही. निमेट्याच्या बागेत आमची सगळ्यांची बालपणं गेली. पण काठावर माणसं आणायची तर त्यांची जबाबदारी कुणाची, हे जागा देण्याआधी लिहिलेलं असलं पाहिजे.

या फिरण्यातच खरा उलगडा झाला, आणि तो एका सरपंचबेननी केला. आम्ही तलावाकडे तोंड करून चालत होतो. त्या मध्येच थांबल्या आणि तलावाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळे पाण्याकडे बघता," त्या म्हणाल्या. "मला विचाराल तर इकडे बघा." त्यांच्यासमोर एक कांस होता. बडोद्याकडे नैसर्गिक ओढ्याला कांस म्हणतात. शेतांतलं पाणी गोळा करत तो तलावाकडे येत होता आणि शेवटच्या शे-दोनशे पावलांवर एका प्लॉटच्या भिंतीला अडून काटकोनात वळला होता. भिंतीखालून दोन सिमेंटचे पाइप, त्यांतला एक मातीने बुजलेला. 2024 मध्ये तलाव भरून त्यांच्या गावात पाणी शिरलं नव्हतं. गावाचंच पाणी तलावापर्यंत पोचू शकलं नव्हतं. ते मागे तुंबलं आणि कापूस-तूर कितीतरी दिवस पाण्यात उभी राहिली, मुळं कुजली.

हे ऐकल्यावर आमचा सगळा मसुदा उलटा करावा लागला, आणि तो उलटा केला म्हणून गावं पुढे आली. आम्ही काठाच्या रेघेपासून सुरुवात करत होतो: अमुक मीटर, तमुक पातळी. त्यात शेतकऱ्याला आपलं नुकसान दिसत होतं आणि शहराचा फायदा. कांसापासून सुरुवात केली की पहिला फायदा शेतकऱ्याचा. कांसाचं तोंड मोकळं राहिलं तर त्याचं पीक वाचतं. तोंड मोकळं ठेवायचं तर दोन्ही बाजूंना काही अंतर सोडावं लागतं. एका गावाचा कांस पुढच्या गावाच्या हद्दीतून तलावाला मिळतो, म्हणून दोघांनी मिळून सोडावं लागतं. आणि अशी सगळी तोंडं मोकळी धरली की काठाचा मोठा हिस्सा आपोआपच मोकळा राहतो. शाळेतल्या त्या नकाशांवर आम्ही कांस निळ्या पेन्सिलीने नव्याने काढले. पांढऱ्या चिंध्यांपैकी बऱ्याचशा कांसांच्या तोंडांवरच निघाल्या. तिथे जमीन दलदलीची, पिकाला नालायक, म्हणून स्वस्त, म्हणून आधी विकली गेलेली.

मग बैठका खऱ्या अर्थाने सुरू झाल्या. त्या गोड झाल्या असं म्हणणार नाही. एका गावात दोन गटांचं जुनं वैर होतं. एक गट हो म्हणाला की दुसरा नाही म्हणणार हे ठरलेलं. एकीकडे जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करणारे दोघं प्रत्येक बैठकीला मागच्या रांगेत बसून असत आणि नंतर घरोघर जाऊन सांगत की या लोकांना तुमची जमीन सरकारजमा करायची आहे. ही अफवा आम्हाला फार महागात पडली. तिला उत्तर म्हणून आम्ही मसुद्याची प्रत गुजरातीत, मोठ्या अक्षरांत छापून दूध डेअरीच्या भिंतीवर लावली. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्या बायका ती वाचू लागल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कॅन हातात घेऊन उभ्या असलेल्या मुली वाचून दाखवू लागल्या. सात-बारा कुणाचाही बदलणार नाही, हे वाक्य तिसऱ्या ओळीत होतं. पुढच्या बैठकीला बायका जास्त आल्या. कांस, विहीर, गुरांची पाण्यावर जायची वाट हे विषय त्यांचेच होते, त्यामुळे बोलल्याही त्याच.

गुरांच्या वाटेचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. काठावर ओळीने कुंपणं आली की गुरांना पाण्यावर न्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट बंद होते आणि दोन-दोन किलोमीटरचा वळसा पडतो. मसुद्यात आता प्रत्येक गावासाठी अशी एक वाट लिहिली आहे, बैलगाडी जाईल एवढी रुंद, आणि तिच्यावर कुणाचाही झापा, म्हणजे फाटक, बसणार नाही.

मसुद्यात दुसरं काय आहे ते थोडक्यात सांगते. कांसाची तोंडं आणि त्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या. चुन्याने आखलेल्या रेघेच्या आत भराव नाही, भिंत नाही, शोषखड्डा नाही. शेती चालेल, गुरं चालतील. रेघेबाहेर बांधायचं तर सांडपाण्याची टाकी बंद तळाची आणि उपसून नेण्याची सोय दाखवलेली. कुठलाही बिनखेतीचा अर्ज आला की पंचायतीने शेजारच्या दोन पंचायतींना त्याची प्रत द्यायची आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची. हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याला पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही, आणि त्यामुळे काठावर काय चाललंय हे शेजाऱ्याला भिंत उभी राहण्याच्या आधी कळतं. आणि पहिल्या पानावर काकांची मागणी: शहर जे पाणी पितं त्याच्या पाणीपट्टीतला काही वाटा, कितीही लहान असो, काठाच्या गावांना दरवर्षी मिळावा आणि तो कांस साफ करण्यासाठी, गुरांच्या हौदासाठी, शाळेच्या संडासांसाठी वापरला जावा.

काही गावांनी हा मसुदा ग्रामसभेत घेतला आणि ठराव केला. काहींनी कांसांचा आणि गुरांच्या वाटेचा भाग घेतला, रेघेचा पुढे ढकलला. एका गावाने संपूर्ण नाकारला. तिथे बरीच जमीन आधीच विकली गेली आहे आणि विकत घेणारे ग्रामसभेला येत नाहीत. त्या गावाच्या दोन्ही बाजूंच्या गावांनी ठराव केलेला आहे, म्हणजे मधल्या तुकड्यावर काकांचाच प्रश्न उभा आहे. आम्ही तिथल्या लोकांना दोष देत नाही. त्यांच्याकडे जायचं सोडलेलंही नाही. गेल्या वेळी तिथल्या एका शेतकऱ्याने सर्व्हेअरला बाजूला घेऊन आपल्या कांसाची पातळी मोजून मागितली, कारण भिंतीमागचं पाणी त्याच्याही शेतात तुंबतं.

ठरावांच्या प्रती तालुक्याला, जिल्ह्याला आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला दिल्या आहेत. पोच मिळाली आहे. पाणीपट्टीतल्या वाट्याबद्दल शहराकडून अजून काही उत्तर नाही. बडोद्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना मी ही मागणी सांगते तेव्हा बहुतेक जण म्हणतात, देऊन टाकायला काय हरकत आहे, रकमा तरी केवढ्या. हेच त्यांनी लिहून द्यावं म्हणून आता आम्ही वाघोडिया रोड आणि आजवा रोडच्या सोसायट्यांमधून सह्या घेतो आहोत. पाणी पिणाऱ्यांची मागणी आणि काठाच्या गावांची मागणी एकाच अर्जात जावी, असा प्रयत्न आहे. चुन्याची रेघ पहिल्या पावसात धुऊन जाते, म्हणून ज्या गावांनी ठराव केला तिथे तिच्यावर दगड रोवायचे ठरलं आहे. दगड गावचे, खड्डे गावच्या पोरांनी खणायचे, पातळी सर्व्हेअरने द्यायची. सरपंचबेनच्या गावात काम सुरू झालं आहे, पहिला दगड कांसाच्या तोंडाशी, त्या बुजलेल्या पाइपाच्या वरच्या बाजूला बसवला आहे.